संस्थापकांच्या शेजारची कुंडी

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत चार मराठी माणसं जेवायला जमली की ऑफिसचे किस्से सुरू होतात. पण खरं सांगू का, आयटीवाल्यांकडे किस्से फार नसतात. सर्व्हर पडला, सर्व्हर उठला, मॅनेजर बदलला, संपलं! मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "मंजिरी, तुझ्या त्या म्हाताऱ्यांचं सांग ना यार." आणि मी सुरू होते.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एक सांगितला की त्याचं बोट धरून दुसरा येतो. आणि घरी ऐकायला कोणी नसलं की जरा जास्तच साठतात. दिलीप, माझा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा निखिल तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असतो. त्याला फोन केला की म्हणतो, "आई, कॅन आय कॉल यू बॅक?" करतो हं तो कॉल बॅक. पण तेव्हा त्याची संध्याकाळ असते आणि माझी झोप.

तर माझं ऑफिस. इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, तळघरात. आम्ही एका देशातल्या सत्ताधारी पक्षाचा इतिहास जपतो. त्या देशात दुसरा पक्षच नाही, त्यामुळे पक्षाचा इतिहास म्हणजेच देशाचा इतिहास. देशाचं नाव सांगणार नाही. आमच्या म्हाताऱ्यांचे नातेवाईक अजून तिथे आहेत, आणि तिथलं सरकार वाचनाचं फार शौकीन आहे.

हा पक्ष स्वतःचा इतिहास स्वतःच छापतो. वर माणूस बदलला की नवी आवृत्ती! मर्जीतून उतरलेली माणसं त्यातून गळतात. शाळेतल्या मुलांनी नवी आवृत्ती पाठ करायची आणि जुनी विसरायची. विसरण्याचीही परीक्षा असायची म्हणे!

या आवृत्त्या स्कॅन करणं आणि प्रत्येक फोटोखाली 'डावीकडून उजवीकडे' कोण कोण आहे ते लिहिणं, हे माझं काम.

* * *

पहिल्याच दिवशी मी गोंधळले. पक्षाची स्थापना एका गोदामात झाली. पहिल्या आवृत्तीत त्या गोदामात बसायला जागा नाही इतकी माणसं. दुसऱ्या आवृत्तीत जरा मोकळंढाकळं. पुढे पुढे तर खुर्च्या रिकाम्या. पाचव्या आवृत्तीत संस्थापक एकटेच बैठकीला बसलेत, आणि खाली लिहिलंय की चर्चेनंतर ठराव एकमताने मंजूर झाला.

मी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "एकट्याने चर्चा कशी केली?"

त्यांनी भिंगातून वर पाहिलं. "फार कडक चर्चा झाली. मी होतो ना तिथे!"

हे बोरान काका. फोटोतले चेहरे ओळखायला विभागाने त्यांना ठेवलं होतं. पक्षाच्या इतिहासाची तिसरी आवृत्ती त्यांनीच लिहिलेली. चौथी यायच्या आधी रातोरात देश सोडावा लागला. बायको मागेच राहिली आणि मागेच गेली. इथे त्यांची भाषा बोलणारं एकही माणूस नव्हतं. सगळ्यांशी ते इंग्रजीत बोलायचे आणि स्वतःशी आपल्या भाषेत.

* * *

आमची हेड एलेन. स्वभावाने अतिशय गोड, आणि गोड माणसांच्या हातून होतात तशाच चुका तिच्या हातून होतात. एक दिवस ती आनंदाने म्हणाली, "बोरान, तुमच्यासाठी सरप्राइज आहे! तुमच्या देशातले आणखी एक एक्स्पर्ट जॉइन होतायत. चौथ्या आवृत्तीचे संपादक!"

बोरान काकांचा कप हातातच राहिला. चौथी आवृत्ती म्हणजे ज्या आवृत्तीतून बोरान काका गाळले गेले ती. म्हणजे गाळणारा माणूसच येत होता! पाचव्या आवृत्तीच्या वेळी तोही गाळला गेला आणि हिंडत हिंडत न्यू जर्सीला पोचला. त्याचं नाव इलास.

सोमवारी इलास काका आले. उंच, वाकलेले, हातात टोपी. बोरान काका उठले आणि सुरू झाले. कुठली भाषा म्हणून आम्हाला कळणार! पण शिव्या कुठल्याही भाषेत ओळखू येतात. जेवणाची वेळ टळली तरी थांबेनात. इलास काका मान खाली घालून ऐकत होते, मधूनच एखादा शब्द सुचवत होते. एलेन रडकुंडीला आली.

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "काका, बरे आहात ना?"

"बरा?" त्यांचे डोळे चमकत होते. "किती वर्षांनी मला शिव्या द्यायला माझ्या भाषेतला माणूस मिळाला!"

दुसऱ्या दिवसापासून दोघं एकत्र चहा प्यायला लागले. बोरान काकांना गाडी चालवता येत नसे, म्हणून इलास काका त्यांना रोज न्यायला-आणायला लागले. बोरान काका पुढच्या सीटवर बसून रस्ता दाखवायचे. रस्ता सरळ असला तरी दाखवायचे.

* * *

मी दोघांना काका म्हणायला लागले तेव्हा इलास काकांनी विचारलं, "हे कुठलं पद?"

मी म्हटलं, "आमच्याकडे मोठ्या माणसाला म्हणतात."

"कोण देतं? समिती?"

"कोणी देत नाही. आपोआप होतं."

"आणि काढून कोण घेतं?"

"काका एकदा झाला की झाला. काढता येत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोरान काका म्हणाले, "असं पद आमच्याकडे संस्थापकांनासुद्धा नव्हतं."

* * *

आता कुंडीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या गोदामाबाहेर काढलेला एक प्रसिद्ध फोटो आहे. मधे संस्थापक, दोन्ही बाजूंना सहकारी. उजव्या हाताला अगदी खेटून एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगेला तरुण उभा आहे, केस विस्कटलेले, हसू दाबत. ते बोरान काका. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ते तिथे आहेत. चौथ्या आवृत्तीत त्या जागी एक कुंडी आहे. चांगली कमरेएवढी, पामची.

ही इलास काकांची करामत! पुढच्यांना युक्ती इतकी आवडली की या फोटोतला माणूस गाळला की कुंडी, असा रिवाजच पडला. पाचव्या आवृत्तीत संस्थापक नर्सरीत रोपं घ्यायला आलेत असंच वाटतं.

बोरान काका चहाच्या वेळी हटकून विषय काढायचे. "मंजिरी, याला विचार, मला काढून टाक असा निरोप आला तेव्हा हा काय म्हणाला? माझ्या कानावर आलंय, म्हणाला, एका मिनिटाचं काम आहे!"

इलास काका चहात बघत बसायचे.

"मला पुसायला एकच मिनिट! आणि कुंडी ठेवलीस ती ठेवलीस, निदान पाणी तरी घालायचंस!"

आम्ही हसायचो. इलास काकाही हसायचे, पण जरा उशिराने.

* * *

एकदा दोघांना मी आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेला नेलं. म्हटलं, रविवारी दोघं आपापल्या घरात भिंतीकडे बघत बसणार, त्यापेक्षा श्रीखंड-पुरी तरी खातील. मलाही रविवार मोठाच वाटतो.

सभा सुरू झाली. अध्यक्षपदासाठी एकच नाव, गेल्या वर्षीचंच. सेक्रेटरी म्हणाले, "कोणाची हरकत? नाही? एकमताने मंजूर!" टाळ्या. खजिनदार, तेही एकमताने. टाळ्या. सगळ्यांचं लक्ष पुऱ्यांच्या वासाकडे.

बोरान काका माझ्या कानाशी आले. "तुमच्याकडेही एकच पक्ष आहे?"

मी घाईघाईने म्हटलं, "नाही हो काका! दुसरं कोणी उभं राहायला तयारच होत नाही."

पलीकडून इलास काका म्हणाले, "आम्हीही हेच छापायचो."

* * *

दर वर्षी मे महिन्यात, परीक्षा संपल्या की, लायब्ररीच्या पायऱ्यांवर विभागाचा फोटो काढतात. युनिव्हर्सिटीचा फोटोग्राफर येतो. तो फोटो आमच्या कॉरिडॉरमध्ये लागतो.

आणि दर वर्षी नेमकं त्याच वेळी बोरान काकांना बाथरूमला जावं लागतं! एकदा एलेन म्हणाली, "आपण थांबू त्यांच्यासाठी." थांबलो. तेही आतच थांबले. शेवटी फोटोग्राफर कंटाळला, तेव्हा बाहेर आले.

मी विचारलं, "इलास काकांबरोबर रोज चहा चालतो, त्यांच्या गाडीतून जाणं चालतं, मग फोटोच का नाही?"

"चहा संपतो," ते म्हणाले. "फोटो राहतो."

इलास काकांनी एकदा मला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. टोपी हातात फिरवत म्हणाले, "मंजिरी, मला त्याच्याकडून माफी नको. ती तो देणार नाही, आणि देऊही नये. फक्त एका फोटोत त्याच्या शेजारी उभं राहू दे. तुझं ऐकेल तो."

मी बोरान काकांना सांगून पाहिलं. त्यांनी भिंग उचललं आणि एका मिशीवाल्याचा चेहरा ओळखायला लागले. इलास काका दर मे महिन्यात इस्त्रीचा शर्ट घालून येत राहिले.

* * *

माझ्या भाचीचं नागपूरला लग्न झालं. मी गेले नाही. दर वेळी काहीतरी असतंच. कधी रजा नसते, कधी गुडघा धरलेला असतो, कधी तिकिटं बघूनच छातीत धस्स होतं. सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आले. सगळं खानदान एका ओळीत, फेटे बांधून. मी फोन धरून बसून राहिले.

बोरान काकांनी विचारलं, "काय झालं?"

मी फोटो दाखवला. म्हटलं, "माझं घर. किती वर्षांत एकाही फोटोत मी नाही. आणि गंमत बघा काका, मला कोणी काढलंसुद्धा नाही! मी नसल्याचं फोटोत कळतच नाही. सरकून उभे राहिलेत सगळे."

त्यांनी तो फोटो प्रिंट करायला लावला. मग भिंग डोळ्याला लावून विचारलं, "तू कुठे उभी असतीस?"

"इथे. माझ्या बहिणीच्या, सुषमाताईच्या उजवीकडे."

त्यांनी पेन काढलं आणि ताईच्या उजवीकडे, शालूला अगदी चिकटून, छानशी कुंडी काढली. पानं जरा जास्तच काढली. म्हणाले, "आता कोणीतरी विचारेल."

तो कागद माझ्या फ्रिजवर आहे. निखिल थँक्सगिव्हिंगला आला तेव्हा खरंच त्याने विचारलं, "आई, व्हॉट्स विथ द प्लँट?"

"ती मी आहे," मी म्हटलं.

त्याने हातातला फोन खाली ठेवला. "आई, आर यू ओके?"

त्या वेळी तो एक दिवस जास्त राहिला.

* * *

मग सहावी आवृत्ती आली. पार्सल आलं तेव्हा दोघंही चहा टाकून उठले. तिथे वर पुन्हा माणूस बदलला होता आणि जुन्यांना परत घेणार अशी कुजबुज होती. दोघांची आशा मला दिसत होती. बोरान काकांनी टाय घातला होता. पुस्तक बघायला टाय!

नावांच्या यादीत बोरान नाही. इलास नाही. मग बोरान काकांनी फोटोचं पान उघडलं. गोदाम तेच, संस्थापक तेच. पण कुंड्या गायब! एकही नाही. नुसती भिंत, नवा रंग दिल्यासारखी स्वच्छ.

बोरान काका भिंग फिरवत राहिले. आजवर मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

"कुंडीही नाही," ते म्हणाले. "आता तिथे कोणी होतं हेच कोणाला कळणार नाही."

मला भडभडून आलं. एलेनने टिश्यूचा बॉक्स पुढे केला.

इलास काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ते इंग्रजीत बोलले, आम्हालाही कळावं म्हणून असेल. "हुकूम भिंतीचाच होता."

बोरान काकांनी मान वर केली.

"तेव्हाही हुकूम भिंतीचाच होता," इलास काका म्हणाले. "सरळ, रिकामी भिंत. मी त्यांना सांगितलं, भिंत रंगवायला आठवडा जाईल. कुंडी एका मिनिटाचं काम आहे."

 बोरान काकांनी पुस्तक मिटलं, टाय सैल केला आणि आपल्या भाषेत एक शिवी दिली. ही शिवी मी आधी ऐकली नव्हती. मग इंग्रजीत म्हणाले, "एवढी वर्षं चहा पितोस माझ्याबरोबर, सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलू कधी दिलंस?"

घरी निघताना बोरान काका दारात थांबले. "फोटो कधी असतो रे तो?"

"मे महिन्यात," इलास काका म्हणाले. "या वर्षीचा झाला."

"मग पुढच्या वर्षी."

* * *

जानेवारीत बोरान काका गेले. थंडी, न्युमोनिया आणि वय. हॉस्पिटलमध्ये आम्ही आळीपाळीने बसलो. शेवटी शेवटी ते इंग्रजी विसरले, त्यामुळे त्यांच्याशी बोलायला फक्त इलास काका उरले.

फ्यूनरल होममध्ये आम्ही तिघंच. मी, एलेन आणि इलास काका. तिथल्या बाईंनी अदबीने विचारलं, "यांचे जवळचे कोण?"

इलास काका पुढे झाले.

"आपलं नातं?"

त्यांनी टोपी काढली. "मी त्यांचा संपादक."

त्यानंतरही ते ऑफिसला येत राहिले. चहाच्या वेळी सवयीने दोन कप मांडायचे आणि मग एक परत कपाटात ठेवायचे. काही दिवसांनी मी तो कप उचलून माझा म्हणून प्यायला लागले. त्यांनी साखर पुढे सरकवली.

* * *

आता हा शेवटचा. हा मी जेवणाच्या टेबलावर सहसा सांगत नाही.

मे महिना आला. पायऱ्यांवर आम्ही जमलो. एलेन, मी आणि दोन स्टुडंट असिस्टंट. इलास काकांचा पत्ता नाही. तेवढ्यात त्यांची गाडी आली. पुढच्या सीटवर, जिथे बोरान काका बसायचे तिथे, सीट बेल्ट लावलेली पामची कुंडी!

ती त्यांनी स्वतः उचलली. मी धरायला गेले तर "नको" म्हणाले. धापा टाकत पायऱ्या चढले, कुंडी ठेवली, शर्टाची इस्त्री सारखी केली आणि तिच्या शेजारी उभे राहिले. अगदी खेटून.

फोटोग्राफर या वर्षी नवीन होता. हसतमुख मुलगा. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाला, "सर, प्लँट जरा बाजूला घेऊ या का? किंवा राहू दे, मी नंतर एडिट करून काढून टाकतो. एका मिनिटाचं काम आहे."

  इलास काका वाकले, दोन्ही हातांनी कुंडी उचलून छातीशी धरली आणि तसेच उभे राहिले. पानं त्यांच्या चष्म्यावर येत होती.

"आता काढ," ते म्हणाले.

फोटो आला. खाली नावं टाकायचं काम माझंच. मी नेहमीसारखी टाइप केली, डावीकडून उजवीकडे, कोणालाही न गाळता, आणि कॉरिडॉरमध्ये फ्रेम लावली.

दुपारी एलेन त्या फ्रेमसमोर थांबली. नावं वाचली, चेहरे पाहिले, पुन्हा नावं वाचली. मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "मंजिरी, फोटोत पाच माणसं आहेत आणि तू सहा नावं लिहिलीस."

मी काही बोलायच्या आत शेजारच्या टेबलावरून, बोरान काकांचं भिंग पुसता पुसता, इलास काका म्हणाले,

"परत मोजा."